मोठ्या पोरांचं वाचन आणि शिक्षकांचं ट्रेनिंग : तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

सहावी ते दहावीला शिकवणाऱ्यांसाठी जी वाचनाची प्रशिक्षणं होतात तिथे मी सुलभक म्हणून, म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण चालवणारा म्हणून जातो, त्याआधी १४ वर्षं हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवला. प्रत्येक बॅच संपली की दोन दिवसांत ग्रुपवर तेच प्रश्न परत यायला लागतात, मग मी जुनं उत्तर शोधून फॉरवर्ड करतो, ते कुणाला दिसत नाही, परत तोच प्रश्न. म्हणून एकदाच सगळं इथे टाकतोय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हे नेमकं कसलं ट्रेनिंग? वाचायला तर पहिली-दुसरीतच शिकवतात ना?

शिकवतात, पण सगळ्यांना येत नाही, आणि ज्यांना येत नाही ती पोरं तशीच वरच्या वर्गात सरकत राहतात. असरच्या (गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारा अहवाल) २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली तीसेक टक्के आठवीच्या बाकावर बसून दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती. २०२३ मध्ये त्यांनी १४ ते १८ वयाची पोरं बघितली, तिथेही साधारण चौथा हिस्सा आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचू शकला नाही. निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्याचं लक्ष तिसरीपर्यंत, ते बरोबरच आहे. पण जी पोरं तेव्हाच तिसरीच्या पुढे गेली होती त्यांची जबाबदारी कुणाच्याच कागदावर नाही.

आणि हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार जास्त फसवा असतो, पोरगं धडाधड वाचतं, काय वाचलं विचारलं की गप्प. तिसरीपर्यंत पुस्तकात गोष्टी असतात, ओळखीचे शब्द असतात, पाचवी-सहावीपासून माहितीचा मजकूर सुरू होतो, वाक्यं लांबतात, संस्कृत शब्द वाढतात, आणि हे वाचायचं कसं ते कुणी वेगळं शिकवत नाही कारण सगळे धरून चालतात की आता वाचता येतंच. आमचं ट्रेनिंग या दोन्ही पोरांसाठी आहे.

२. मी सायन्सची टीचर आहे. हे मराठीच्या सरांचं काम नाही का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तर हमखास येतो. मॅडम, मराठीचे सर कविता शिकवतील, पण 'द्राव्य', 'द्रावक' आणि 'द्रावण' हे तीन शब्द एका परिच्छेदात आले की पोराच्या डोळ्यांना ते एकच दिसतात, हे तुमच्या तासाला कळणार, त्यांच्या नाही. ज्याचं वाचन कच्चं असतं ते पोरगं शब्दाचं तोंड बघतं आणि शेपूट अंदाजानं म्हणतं, 'द्राव' दिसलं की पुढचं ठोकून देतं. इथे व्याख्या पाठ करून घेतल्यानं काही होत नाही. लिंबू सरबताचा ग्लास फळ्यावर काढा, साखर द्राव्य, पाणी द्रावक, ग्लासात तयार झालं ते द्रावण, आणि तीन शब्द एकाखाली एक लिहून फक्त शेवटचा भाग रंगीत खडूनं गोल करा. चार मिनिटांचं काम आहे, पण ते सायन्सच्या तासाला व्हायला पाहिजे.

गणितवाल्यांचंही तेच. '५ ने वाढवा', '५ पट वाढवा', '५ पर्यंत वाढवा' यात आकडा एकच, गणितं तीन. 'सीमाकडे राजूपेक्षा ५ गोळ्या जास्त आहेत' यात पेक्षा कुणाला लागलंय ते कळलं नाही तर पोरगं बेरीज कुणाच्या गोळ्यांत करणार? आपण म्हणतो गणित कच्चं आहे, बऱ्याचदा वाचन कच्चं असतं. इतिहासात 'तथापि', 'परिणामी', 'वगळता' हे शब्द गेले की धडाच उलटा समजतो. मी स्वतः सहा-सात वर्षं इतिहासात 'तथापि' न सांगता पुढे गेलोय, पोरांना तो कुणा सरदाराचं नाव वाटला असता तरी मला कळलं नसतं.

३. ट्रेनिंगला कोण येऊ शकतं? डीएडवाले चालतात का?

सहावी ते दहावीला कुठलाही विषय शिकवणारे सगळे. दोन वर्षांच्या बीएडला 'अभ्यासक्रमभर भाषा' असा एक पेपर एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांपासून आहेच, त्यामुळे नव्या बीएडवाल्यांना शब्द ओळखीचे वाटतील, जुन्यांना नाही वाटणार, फरक तेवढाच. ग्रंथपाल आले तर सोन्याहून पिवळं. पीटीचे सरही या, चेष्टा नाही करत, वाचन न येणारी पोरं मैदानावरच सगळ्यात मोकळी बोलतात.

४. किती दिवसांचं असतं?

आयोजकांवर अवलंबून आहे, सलग तीन दिवस, पाच दिवस, दोन दिवस आणि मग महिन्याला एक भेट, सगळे प्रकार बघितलेत. माझं मत विचाराल तर सलग पाच दिवसांपेक्षा दोन दिवस आणि पुढे सहा महिने थोडं थोडं हे कधीही चांगलं, का ते १५ मध्ये लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, त्यातले पंधरा-वीस तास जरी वाचनाला दिले तरी पुष्कळ झालं.

५. सर्टिफिकेट वरिष्ठ वेतनश्रेणीला चालेल का?

नाही. वरिष्ठ वेतनश्रेणी (१२ वर्षं नोकरीनंतरची) आणि निवडश्रेणी (२४ वर्षांनंतरची) यांचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून होतं, त्याची नोंदणी वेगळी, त्याचं प्रमाणपत्र वेगळं. हे ट्रेनिंग त्याच्या जागी लागत नाही. वर्षाच्या ५० तासांत धरतील का, ते येण्याआधीच मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख) विचारून घ्या, नंतर माझ्याशी भांडू नका.

६. माझ्या वर्गात तर सगळे वाचतात. कोणाला येत नाही हे कळणार कसं?

एक घडलेली गोष्ट सांगतो, शाळेचं नाव नको. सातवीचा वर्ग, एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता, सूर चांगला, कुठे अडकत नव्हता, मी खूश. मधेच वाऱ्यानं पान उलटलं आणि हा बोलतच राहिला. पान वेगळं, तोंडात धडा तोच. शेजारच्याकडून दहा वेळा ऐकून त्याला अख्खा धडा पाठ होता. मी दीड वर्ष त्या वर्गाला शिकवत होतो आणि मला हे वाऱ्यानं सांगितलं.

म्हणून पहिला नियम, तपासायचं ते न शिकवलेल्या मजकुरावर. खालच्या इयत्तेच्या जुन्या पुस्तकातला किंवा स्वतः लिहिलेला साधारण १०० शब्दांचा उतारा घ्या. दुसरा नियम, एकेकाला, बाजूला, व्हरांड्यात किंवा लायब्ररीत. सगळ्यांसमोर चौदा वर्षांचं पोरगं एक तर गप्प बसेल नाही तर दंगा करेल, दंगा केला तर मार मिळतो पण अब्रू जात नाही, त्याचं गणित बरोबर असतं. मोबाईलवर एक मिनिट लावा, तुमच्या हातात त्याच उताऱ्याची प्रत, चुकलेल्या शब्दाखाली बारीक रेघ, मिनिट संपलं की तिथे उभी रेघ. बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग पुस्तक मिटा आणि 'काय होतं यात, मला सांग' एवढंच विचारा.

अंदाज यावा म्हणून सांगतो, निपुणच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. तुमच्या आठवीतलं पोरगं ३५ वर असेल तर त्याला विज्ञानाचं एक पान संपवायला किती वेळ लागेल आणि तोवर सुरुवातीचं काय डोक्यात राहील बघा. पण आकड्याचा बाऊ करू नका, ९० शब्द वाचून शून्य सांगणारेही भेटतील. साधारण तीन ढीग पडतात, अक्षरातच अडकणारे (७ बघा), हळू पण बरोबर वाचणारे (९ बघा) आणि वाचून न समजणारे (८ बघा).

चाळीस पोरांना हे करायला आठवडा जातो. जाऊ द्या.

७. आठवीच्या पोराला परत बाराखडीपासून सुरू करायचं का?

नको. आधी तर त्याला तीस-चाळीस अक्षरं येतच असतात, जे येतं तेच परत गिरवायला लावलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. नेमकं काय येत नाही ते शोधा. मोठ्या पोरांत माझ्या अनुभवात तीन जागा सारख्या सापडतात : ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांचा गोंधळ, सारखी दिसणारी अक्षरं (घ-ध, भ-म, थ-य) आणि सगळ्यात मोठी म्हणजे जोडाक्षरं. त्यातही र. मराठीत र जोडताना चार सोंगं घेतो, 'क्रम' मध्ये पायाशी तिरकी रेघ, 'ट्रक' मध्ये खाली टोपी, 'सूर्य' मध्ये डोक्यावर रफार, आणि 'तऱ्हा' मध्ये तो आडवा अर्धा र. 'दर्या' आणि 'दऱ्या' फळ्यावर शेजारी लिहा आणि वर्गाला विचारा कुठल्यात मासे आणि कुठल्यात गुरं. शिक्षकांच्या बॅचमध्येही इथे दोन-चार जण थांबतात. मग 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' द्या, हशा होतो आणि लक्षात राहतं.

शब्द त्यांच्या जगातले घ्या. पहिलीचं 'कमळ बघ, गवत उपट' सातवीच्या पोरासमोर ठेवू नका, त्याला तो अपमान वाटतो आणि तो आहेच. ट्रॅक्टर, क्रिकेट, इन्स्टाग्राम, फवारणी, एसटीच्या पाट्या, खताच्या गोणीवरचा मजकूर, यात सगळी जोडाक्षरं येऊन जातात. लांब शब्द तोडून वाचायची सवय लावा, 'प्रकाशसंश्लेषण' एकदम नाही, प्रकाश, मग सं, मग श्लेषण, प्रत्येक तुकड्याखाली बोट, मग जोडून. एका पोरीनं मला विचारलं होतं, 'सर शब्द तोडलेला चालतो?' तिला सात वर्षं वाटत होतं की हुशार पोरं शब्द आख्खा गिळतात.

८. वाचतो पण कळत नाही, त्याचं काय करू?

आधी तुम्ही स्वतः कसं वाचता ते त्याला दाखवा, म्हणजे खरंच दाखवा. धडा उघडा आणि डोक्यात चाललेलं तोंडानं बोला. 'मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, हं, नैर्ऋत्य म्हणजे दक्षिण आणि पश्चिमेच्या मधे, म्हणजे समुद्राच्या बाजूनं, म्हणजे ओले असणार. सह्याद्रीला अडतात, अडले तर वर चढणार, वर थंड, मग पाऊस. पर्जन्यछायेचा प्रदेश, छाया? सावली कशी पडेल पावसाची? थांब, मागचं वाक्य परत वाचतो.' पहिल्यांदा फार बावळट वाटतं, मला पण वाटलं होतं, पण पोरांना त्या दिवशी कळतं की सरांनाही मागे जाऊन वाचावं लागतं.

मग ते काम त्यांच्याकडे द्यायचं. १९८४ मध्ये पॅलिन्सार आणि ब्राउन या दोन अमेरिकन संशोधकांनी सातवीच्या मुलांबरोबर करून बघितलेली एक पद्धत आहे, चौघांचा गट, चार कामं : पुढे काय येईल याचा अंदाज, अडलेलं सोडवणं, मजकुरावर प्रश्न काढणं, आणि थोडक्यात सांगणं. परिच्छेदागणिक कामं फिरवायची. आपल्याकडे करताना थोडी काळजी घ्या, पोरं 'प्रश्न काढा' म्हटलं की स्वाध्यायातले प्रश्न वाचून दाखवतात. मी स्वाध्यायाचं पान पिनांनी बंद करायला सांगतो. आणि थोडक्यात सांगणं म्हणजे पहिलं वाक्य परत वाचणं नाही हे आठवडाभर सांगावं लागतं.

९. आळीपाळीनं उभं करून धडा वाचून घेणं बंद करायचं?

बहुतेक वेळा हो. एक वाचतो, एकोणचाळीस जण आपली पाळी कधी ते मोजत आपापला परिच्छेद पाठ करत बसतात. त्यापेक्षा जोडीवाचन, जरा बरं वाचणारा आणि जरा अडकणारा अशी जोडी, एकच परिच्छेद तीन वेळा. परत परत वाचल्यानंच वेग येतो. आणि तुम्ही स्वतः रोज पाच मिनिटं चांगलं वाचून दाखवा, नववीलासुद्धा, मोठी पोरंही ऐकतात, फक्त ऐकत नसल्याचं दाखवतात.

१०. सगळं ठीक आहे सर, पण वेळ कुठून आणू?

तासिका ३५ मिनिटांची, त्यात हजेरी, वह्या, माहिती भरणं, आणि मधेच ऑफिसातून लिंक येते की आजच्या आज भरा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं २००९ पासून छापलेलं आहे, वाचून बरं वाटतं.

पण खरं उत्तर असं की हे वेगळा तास काढून करायचं नाही. ८ आणि ९ मधलं सगळं तुमच्याच धड्यावर होतं, सिलॅबस थांबत नाही. फक्त अक्षरात अडकलेल्या पाच-सहा पोरांना वेगळी २० मिनिटं लागतात, आठवड्यातून चार दिवस, शाळा भरायच्या आधी किंवा जेवणानंतर. तिथे सहावी-सातवी-आठवीची पोरं एकत्र बसवली तरी चालतात. इयत्तेप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे गट करायचे ही पद्धत १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या प्रथम या संस्थेनं पुढे खूप ठिकाणी नेली, पण ती बऱ्याचदा पाचवीपर्यंत वापरली जाते. मोठ्यांत एकच अडचण, सहावीच्या पोरांसमोर आठवीचा पोरगा चुकायला लाजतो. त्याला आधी त्या गटाचं एखादं जबाबदारीचं काम द्या, पुस्तकं वाटणं, वेळ लावणं, मग बसतो.

११. वाचायला देऊ काय? लायब्ररीत चरित्रं आणि शब्दकोश आहेत फक्त.

आणि कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली क्लार्ककडे आहे, माहितीये. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, नावच या वयाचं आहे, जुने अंक रद्दीतही मिळतात आणि इंटरनेटवरही. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आणि पातळ्या लावलेली आहेत, पण चित्रं फार लहान मुलांची वाटली तर ती नववीला देऊ नका. बाकी पेपरमधलं क्रीडा पान, बाजारभाव, गावातल्या यात्रेचं पत्रक, लग्नपत्रिका (जोडाक्षरांची खाण). एका बॅचमधल्या ताईंनी आठवीच्या पोरांना आपापल्या आजीकडून एक किस्सा ऐकून लिहायला लावला, त्याची झेरॉक्स काढून वही शिवली, ती वही त्या वर्षी शाळेत सगळ्यात जास्त फाटली.

१२. आमची शाळा सेमी-इंग्लिश आहे. विज्ञान-गणित इंग्रजीत. मग हे सगळं कुठल्या भाषेत करू?

समजून घेणं मराठीत, वाचणं इंग्रजीत, दोन्ही एकाच तासाला. आधी पाच मिनिटं मराठीत चर्चा करून विषय डोक्यात बसवा, मग इंग्रजी परिच्छेद, मग परत मराठीत 'काय म्हणतोय तो?'. भिंतीवर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी लावा, रिफ्रॅक्शन आणि अपवर्तन. जे पोरगं मराठीतच ३५ शब्दांवर अडकलंय त्याला इंग्रजी परिच्छेद देऊन काही होणार नाही, त्याचं ७ प्रमाणे आधी मराठी सुधारा, इंग्रजीला त्याचा उपयोगच होतो. पालक म्हणतील मराठी कशाला, तर त्यांना मुलाचं एक मिनिटाचं वाचन ऐकवा, मुलाची परवानगी घेऊन.

१३. आमच्या आश्रमशाळेत घरची भाषा मराठी नाही. मग चूक कशाला धरायची?

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर मेळघाटात कोरकूसाठी, नंदुरबारला पावरीसाठी, पालघरला वारलीसाठी थोडं थोडं वेगळं आहे. उच्चार घरच्यासारखा होणं ही वाचनाची चूक नाही. 'पाणी' समोर असताना पोरगं 'पानी' म्हणालं आणि त्याला पाणीच कळलं, तर रेघ मारू नका. 'पाणी' ला 'पान' म्हणालं तर मारा. हे विदर्भ, खानदेशातल्या मराठी पोरांनाही लागू आहे, आणि खरं सांगायचं तर काही सुलभकांनाही.

गटात चर्चा त्यांच्या भाषेत होऊ द्या, तुम्हाला कळत नसली तरी. मला मेळघाटकडच्या एका शिक्षकानं सांगितलं की तो गटात मोठ्या मुलीला 'हे लोक काय म्हणतायत ते मला मराठीत सांग' म्हणतो, आणि थोडक्यात सांगायचा सगळ्यात चांगला सराव तोच होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांबद्दलही बरेच जण विचारतात. ती दिवाळीच्या आसपास जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. आल्या आल्या परत ६ मधली तपासणी करा, जाताना होतं तिथेच आहे असं धरू नका, मागे आलेलं असतं. आणि जाताना एक पातळ पुस्तक बरोबर द्या, हरवलं तर हरवलं.

१४. हे पोरगं डिस्लेक्सिक तर नाही ना?

असू शकतं, पण ते ठरवणं आपलं काम नाही, माझं तर अजिबात नाही. आठवीत वाचता न येणाऱ्या बहुतेक पोरांच्या मागे शाळा बुडणं, भाषा, बदललेल्या शाळा, डोळ्याला चष्मा नसणं (हे आधी बघा, खरंच) अशी कारणं सापडतात. पण जे पोरगं तोंडी हुशार आहे, नियमित येतं, तुम्ही तीन-चार महिने नीट मेहनत घेतली आणि तरी अक्षरं टिकतच नाहीत, त्याच्या पालकांशी बोला. 'डाली' नावाची भारतीय भाषांसाठीची चाचणी मराठीतही आहे, पण ती पहिली ते पाचवीसाठी, मोठ्या मुलांना ती लावून निष्कर्ष काढू नका. सरकारी रुग्णालयातून किंवा अध्ययन अक्षमतेचं केंद्र असलेल्या ठिकाणी रीतसर तपासणी करून घ्यायची, मुंबईत सायन हॉस्पिटलला असं क्लिनिक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि दहावीच्या बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण कागद वेळेत लागतात, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच हलवा. प्रमाणपत्र येईपर्यंत शिकवणं थांबवायचं नाही.

१५. ट्रेनिंग करून आलो, दोन आठवडे केलं, मग सगळं पूर्ववत. माझंच चुकतंय का?

नाही, ट्रेनिंगचं चुकतंय. आपल्याकडे राज्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं केंद्राला असं शिकवत यायची पद्धत आहे, वरून निघालेला हंडा खाली येईपर्यंत तळाला दोन घोट राहतात आणि पीपीटी मात्र पूर्ण पोचते. आणि समजा चांगलं मिळालं तरी, सभागृहात शिक्षकांवर केलेली गोष्ट आणि चाळीस पोरांसमोर करायची गोष्ट वेगळी. पहिल्यांदा वर्गात केली की ती फसतेच. माझी फसली होती, चौघांच्या गटात चौघंही 'थोडक्यात सांगणारे' व्हायला निघाले आणि शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा. फसल्यावर बाजूला कुणी असलं पाहिजे, नाही तर माणूस आपल्या जुन्या पद्धतीकडे जातो, ती निदान शांत असते.

म्हणून शाळेतून एकट्यानं येऊ नका, दोघं या, वेगळ्या विषयांचे असाल तर उत्तम. परत गेल्यावर महिन्यातून दोनदा एकमेकांच्या तासाला पंधरा मिनिटं बसा, शेरे मारायला नाही, फक्त तीन पोरांकडे बघायला, ती वाचताना काय करतात ते लिहायला. नंतर चहा घेताना तेवढंच बोला. केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक, शिक्षण परिषद, असतेच, तिथे परिपत्रकं वाचून झाल्यावर अर्धा तास मागून घ्या आणि एका पोराचं वाचन सगळ्यांनी मिळून ऐका. एका केंद्रात त्यांनी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या वेळी सगळे त्या मुलाच्या घरच्यांना दोष देत होते, तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, 'हा र च्या आधीच थांबतोय, बघा.' तिथे मला वाटलं, आता यांना माझी गरज नाही.

१६. मग दीक्षावरचा ऑनलाइन कोर्स केला तर चालेल का?

माहितीसाठी चालेल. दीक्षा हे सरकारचं शिक्षणासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे, निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण योजनेचे कोर्स त्यावर भरपूर आहेत, काही खरंच चांगले आहेत. पण कोर्स म्यूट करून एका टॅबमध्ये चालू ठेवायचा आणि दुसरीकडे वह्या तपासायच्या हे आपण सगळ्यांनी केलंय, मी दोन कोर्स असेच पास झालोय. पोराचं वाचन ऐकायचा कान व्हिडिओ बघून तयार होत नाही.

१७. मुख्याध्यापक म्हणतात दहावीचा निकाल आधी, हे नंतर.

त्यांच्यासमोर दहावीची मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, ठेवा. त्यात अपठित उतारा असतो, पाठ करून येणार नाही असा. बाकी विषयांच्या पेपरातही प्रश्न वाचूनच सोडवायचे असतात. मागच्या सराव परीक्षेचे नापासांचे पेपर काढा, त्यातले किती प्रश्न 'चुकले' आणि किती 'वाचलेच नाहीत' ते मोजून दाखवा, कोरी जागा मोजायची. आकडा बघून बरेच मुख्याध्यापक मऊ होतात. सगळे नाही.

१८. आता आठवीला नापास करता येतं, मग आपोआप नाही सुधारणार का?

आरटीईच्या २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीला थांबवायची मुभा मिळाली, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले, आधी पुनर्परीक्षा वगैरे. पण त्याच वर्गात, त्याच पुस्तकावर, त्याच पद्धतीनं अजून एक वर्ष बसून र चा रफार कसा काय कळेल? पुनर्परीक्षेच्या आधी जे आठवडे मिळतात त्यात ७ मधलं करा, तेवढा उपयोग करून घ्या.

१९. विचारायला लाज वाटते, पण मलाच नीट शुद्धलेखन येत नाही आणि मी स्वतः फार वाचत नाही. मी हे शिकवू शकेन का?

हा प्रश्न कुणी ग्रुपवर विचारत नाही, पर्सनलवर येतो, आणि प्रत्येक बॅचला येतो. हो, शिकवू शकाल. पोरांसमोर 'मलाही बघावं लागेल' म्हणून शब्दकोश उघडणारे शिक्षक त्यांना आवडतात. स्वतःच्या वाचनाचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं, काहीही, वर्गात पोरं वाचत असताना तुम्ही पण बसून वाचा, मोबाईल नाही, कागद. पहिला आठवडा ती तुमच्याकडेच बघत राहतील.

२०. पुढच्या बॅचला येताना काय आणू?

तुमच्या विषयाचं एक पाठ्यपुस्तक, ज्यावर लिहिलेलं चालेल असं. तीन मुलांच्या वह्या, सगळ्यात सुंदर अक्षराच्या नकोत. एका पोराच्या एक मिनिटाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग, त्याला आणि घरी विचारून केलेलं, नाव न घेता. चष्मा लागत असेल तर चष्मा. आणि मोबाईलचा चार्जर, हॉलमध्ये एकच पॉइंट असतो आणि तो प्रोजेक्टरला लागतो, म्हणून एक्स्टेन्शन असेल तर तेही.